रवाळ फोटो

ती मुलगी आली त्या दिवशी माझ्या सेंटरमध्ये आधीच दोन डोकी फुटून आलेली होती. चुलतभाऊ होते दोघं. बांधावरून एकानं दुसऱ्याला खोऱ्यानं हाणलं, दुसऱ्यानं पडता पडता पहिल्याच्या कानशिलात दगड घातला, आणि वस्तीवर एकच जीप होती म्हणून दोघांनाही एकाच जीपमध्ये कोंबून नारायणगावात आणलं. वाटेतही त्यांच्या शिव्या थांबल्या नव्हत्या. एकाचं डोकं यंत्रात असताना दुसरा बाहेरच्या बाकावर रक्ताळलेला टॉवेल धरून ओरडत होता, "आधी माझा काढा! त्याला मेंदूच न्हाई, दिसणार काय त्यात!"

मी रेडिओलॉजिस्ट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी नारायणगावात सीटी स्कॅनचं सेंटर टाकलं, तेव्हा वाटलं होतं की पोटदुख्या येतील, मणके येतील, म्हातारपणचे अर्धांगवायू येतील. तेही आले, पण सगळ्यात जास्त आली ती डोकी. हायवेवर टोमॅटोच्या टेम्पोखाली गेलेली, कुऱ्हाडीनं फुटलेली, लग्नाच्या वरातीत काचेच्या बाटलीनं चिरलेली. माझे वडील गावात कापडाचं दुकान चालवायचे. आम्ही मूळचे राजस्थानातले, जैन. घरात पाणी गाळूनच प्यायचं, सूर्य मावळला की जेवण बंद, पायाखाली मुंगी आली तर पाय उचलून धरायचा. अशा घरातली मी मुलगी, आणि दिवसभर माझ्या टेबलावर माणसांनी माणसांचं काय केलं त्याची चित्रं.

चुलतभावांची जीप गेली आणि दिवेलागणीच्या सुमारास दुसरी आली. हॉर्न थांबेचना. एका बाईनं लुगड्याच्या गाठोड्यात काहीतरी छातीशी धरलं होतं आणि तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला होता. उघडा म्हणजे कातडी नव्हती. तिला त्याचं भान नव्हतं. गाठोड्यात चार वर्षांची मुलगी होती.

"बिबट्या," तिच्या मागून आलेला नवरा एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

निमगाव सावाच्या बाजूला उसात वस्ती होती त्यांची. पोर अंगणाच्या कडेला बसली होती आणि आई चुलीपुढं होती. आवाज काहीच झाला नाही, असं ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली, आवाज काहीच झाला नाही. मान वर केली तर पोरीचे पाय उसात चालले होते. ती धावली आणि पाय धरले.

"त्यो डोकं सोडंना, मी पाय सोडंना," ती म्हणाली. मी तिच्या हाताला ड्रेसिंग गुंडाळत होते, ती पोरीकडे बघत बोलत होती. "मंग म्या त्याच्या तोंडात हात घातला. दुसरं काय करणार व्हते मी, बाई?"

पोरीला यंत्रात घेतलं. ती जिवंत होती, रडत नव्हती, हेच भीतीचं होतं. माझा टेक्निशियन मंचरकडचा, शांत माणूस. त्यानं तिचं डोकं पट्ट्यात बसवलं आणि बाहेर आल्यावर हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. आमचं मशीन जुनं, मुंबईतल्या एका दवाखान्यानं काढून टाकलेलं. डोक्याचा एकेक काप घ्यायचं, थांबायचं, मग पुढचा. पडद्यावर चित्र वरून खाली उतरत आलं. कवटीला भोकं होती. डाव्या बाजूला दोन आणि उजव्या बाजूला दोन, सुळ्यांची. एका जागी हाडाचा तुकडा फुटून आत मेंदूत शिरला होता. बांधावरच्या भांडणात हाड कसंही फुटतं. ही भोकं नीट होती, गिरमिटानं पाडल्यासारखी.

तिला तशीच पुण्याला पाठवली. तिथल्या मेंदूच्या सर्जननं दुसऱ्या दिवशी मला फोन केला. हाडाबरोबर मेंदूतून त्यानं पोरीचेच केस बाहेर काढले होते.

मुलगी जगली. पण जगणं सरळ नव्हतं. बिबट्याच्या लाळेतलं जे काही आत गेलं होतं त्याचा मेंदूत पू झाला. पुन्हा ऑपरेशन. मग मेंदूतलं पाणी अडायला लागलं, म्हणून एक बारीक नळी कानामागून मानेच्या कातडीखालून पोटात सोडली. ती नळी तुंबली की पोर मरणार. तुंबली की नाही हे बाहेरून कळत नाही. ताप आला, उलटी झाली, पोर पेंगली, की स्कॅन. साध्या सर्दीनं तापली तरी स्कॅन, कारण सर्दीच आहे हे सांगणार कोण?

ती यंत्राला 'जातं' म्हणायची. "मला जात्यात नगं," म्हणून आईच्या लुगड्याला चिकटायची. हलली की चित्र फसतं, म्हणून आई शिशाचा जड एप्रन घालून आत उभी राहायची आणि त्या फाटून शिवलेल्या हातानं तिला दाबून धरायची. मुलगी किंचाळायची, लाथा मारायची. एकदा तिनं आईच्या हाताला, त्याच शिवलेल्या जागी, चावा घेतला. आईनं हात काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात वनखात्यानं त्या भागात पिंजरा लावला आणि त्यात एक बिबट्या सापडला. खात्याची गाडी यायच्या आत गाव जमलं. त्या दुपारी मुलीचा बाप तिला माझ्याकडे घेऊन आला होता. तिला उलट्या होत होत्या. त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता आणि दोन्ही तळवे भाजले होते.

मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. आधी गजांनी भोसकला. पिंजऱ्याच्या सळ्यांतून गज आत घालायचे आणि फिरवायचे. तो सळ्यांना धडका देत राहिला, त्याचे दात मोडले. मग कुणीतरी रॉकेल ओतलं. पेटलेला काकडा यानं टाकला. पिंजऱ्याचं दार दाबून धरायला हवं होतं, तेही यानंच धरलं, लोखंड तापेपर्यंत.

"बरं वाटलं का?" मी विचारलं. रागानंच विचारलं.

तो तळव्यांकडे बघत राहिला. "न्हाई," म्हणाला. "त्यो येगळाच असंल, म्याडम. त्याचं त्वांड बारीक व्हतं. माझी बायको म्हणली, ह्यो त्यो न्हाई."

मी त्याच्या हाताला मलम लावलं. आत पोर किंचाळत होती.

ही गोष्ट मी घरी वडिलांना सांगितली. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग बिबट्याचं सोडून भलतंच विचारलं, "तू त्या पोरीचे सारखे फोटो काढतेस. त्या किरणांनी तिला काही होतं का?"

"दिसत नाही, दुखत नाही," मी म्हणाले. "पण लागतात. एका फोटोनं बहुतेक काहीच होत नाही. लहान वयात पुन्हा पुन्हा काढले तर पुढे कधीतरी कॅन्सरचा धोका थोडा वाढतो."

"मग कमी कर की."

"कमी केले तर फोटो नीट येत नाही."

वडील म्हणाले, "आपण पाणी गाळतो ते दिसणाऱ्या जिवांसाठी नाही गाळत." आणि उठून गेले.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच सुमारास डॉक्टरांच्या सभांमधून बोललं जाऊ लागलं होतं की लहान मुलांना आपण मोठ्या माणसांइतकेच किरण देतो आणि ते बरोबर नाही. मी मान डोलावून आले होते. पण आता मला ती मुलगी डोळ्यापुढे दिसत होती. तिच्यावर एकदा जनावरानं दात चालवले होते, आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा, तिच्या भल्यासाठी, मी काहीतरी चालवत होते. मी आणि टेक्निशियननं बसून तिच्यासाठी करंट, म्हणजे किरणांचा जोर, खाली आणला.

फोटो रवाळ आला. शिऱ्याच्या रव्यासारखे दाणे सगळ्या मेंदूभर. सीटीचं असं असतं: किरण चारी बाजूंनी डोक्यातून पार जातात, आणि प्रत्येक किरण फक्त एवढंच सांगतो की वाटेत तो किती अडला. त्या सगळ्या सावल्यांवरून आतलं चित्र काय असेल हे कॉम्प्युटर गणितानं बांधतो. आमचं जुनं गणित सरळमार्गी होतं. प्रत्येक सावली आली तशी उलट पसरायची आणि बेरीज करायची. किरण भरपूर असले की सावल्या खात्रीच्या, चित्र स्वच्छ. किरण कमी केले की प्रत्येक सावलीत थोडी चूक, आणि ती चूकही चित्रभर पसरायची. त्याचा तो रवा.

पुण्याचा सर्जन फोनवर कडाडला. "हे काय पाठवलंय? मला नळीचं टोक दिसत नाही. पुन्हा काढा!"

"पुन्हा काढला तर वाचवले त्याच्या दुप्पट किरण जातील. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या किती मोठ्या आहेत एवढंच बघायचंय ना? तेवढं दिसतंय."

"तुम्हाला दिसत असेल. कवटी मला उघडायची असते."

त्याचं खोटं नव्हतं, माझंही नव्हतं. असेच आम्ही भांडत राहिलो. आणि मग ती दुपार आली.

मुलगी सात-आठ वर्षांची झाली होती. शाळेतून आणली ती आचके देतच. मी कमी किरणांत फोटो काढला, फिल्म दिली आणि नळी तुंबली असावी, पुण्याला हलवा म्हणाले. वाटेत घाबरून घरच्यांनी एका दवाखान्यात गाडी थांबवली. तिथल्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाला, फोटो खराब आहे, यात मला काही सांगता येत नाही.

ते परत आले. मुलीचा चुलता पुढे, मागे चार-पाच गडी. चुलत्यानं फिल्म माझ्या तोंडावर फेकली.

"भंगार मशिन आणून बसवलंय, आन् भंगार फोटू काढती व्हय? पोरगी मरायला लागली आमची!"

टेक्निशियन मध्ये पडला. त्याला कुणीतरी गळ्याला धरून भिंतीवर आपटलं. मग तोंडावर बुक्की बसली, त्याची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. दोघांनी मला कोपऱ्यात रेटलं. एकाचा हात माझ्या तोंडावर होता, त्याला खताचा वास येत होता, तो मला अजून आठवतो. चुलत्यानं लोखंडी स्टूल उचललं आणि यंत्र चालवायच्या कॉन्सोलपुढच्या शिशाच्या काचेवर घातलं. ती काच जाड असते. फुटली नाही, तडकली. त्यानं पुन्हा घातलं. प्रत्येक घावाला तो कुणाला तरी मारल्यासारखा हुंकारत होता. मला वाटलं काच झाली की आपण.

तेवढ्यात आई आत आली. पोर खांद्यावर आडवी, अजून आचके देणारी. तिनं पोर टेबलावर ठेवली, वळली आणि दिराच्या थोबाडीत अशी हाणली की स्टूल त्याच्या हातातून निसटून त्याच्याच पायावर पडलं.

"पोर मरती का जगती ते बघायचं सोडून काच फोडतोस व्हय रं? सरक!" मग माझ्याकडे वळून, श्वास न घेता, "बाई, तुमाला काय दिसतंय ते सांगा. तुमाला दिसतंय का न्हाई?"

तिची आधीची फिल्म माझ्याकडे होती. ती आणि आजची अशा दोन्ही उजेडाच्या पेटीवर शेजारी लावल्या. रवा होता. पण काळं ते काळं दिसत होतं, आणि मेंदूतल्या पाण्याच्या काळ्या पोकळ्या आधीपेक्षा फुगलेल्या होत्या, दोन्ही बाजूंनी. मी पट्टीनं मोजून तिला दाखवलं. "नळी तुंबलीय. आता कुठेही थांबू नका. सरळ पुणे."

"थांबत न्हाई," ती म्हणाली. ज्यांनी आम्हाला मारलं होतं त्यांच्यातल्याच दोघांनी पोर गाडीत ठेवली.

मी पोलिसांत तक्रार दिली. टेक्निशियनच्या भुवईला टाके पडले, तो आठवडाभर आला नाही आणि मग पुन्हा कामाला लागला. चुलत्याला आत घातलं. मुलीच्या आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत."

सर्जनचा फोन संध्याकाळी आला. नळी तुंबलेलीच होती. बदलली, मुलगी शुद्धीवर होती. मग तो म्हणाला, "डॉक्टर, एक सांगतो. पोर त्या अवस्थेत समोर होती म्हणून मी उघडलं. नुसता तुमचा फोटो बघून उघडलं नसतं."

मी त्यानंतर करंट थोडा वर घेतला. हार मानली असंही नाही, पण भुवई फुटलेला माणूस रोज समोर काम करत असताना हट्ट किती करायचा? दर स्कॅनला मला त्या मुलीचं वय मनात मोजायची सवय लागली.

दोन हजारचं दशक संपता संपता आम्ही चार डॉक्टरांनी मिळून नवीन मशीन घेतलं. जुनं क्रेनच्या ट्रकवर चढलं तेव्हा त्याच्यापुढची तडकलेली काचही मी काढायला लावली. नव्या मशीनबरोबर कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता. त्यानं पाण्याच्या एका डब्याचा अगदी कमी किरणांत फोटो काढला. जुन्या गणितानं तो रवाळ आला. मग त्याच सावल्यांवर, पुन्हा एकही किरण न सोडता, त्यानं नवं गणित लावलं. रवा गेला.

मी म्हणाले, "ही रंगसफेदी आहे का?"

त्यानं समजावलं. नवं गणित आधी आत काय असेल याचं एक अंदाजी चित्र धरतं. मग स्वतःलाच विचारतं, असं चित्र खरं असतं तर सावल्या कशा पडल्या असत्या? त्या मनातल्या सावल्या खऱ्या मोजलेल्या सावल्यांशी ताडून बघतं. फरक पडला की चित्र दुरुस्त करतं, पुन्हा ताडतं, पुन्हा दुरुस्त करतं. आणि कुठली सावली किती भरवशाची आहे हेही ते धरून चालतं. जिथे किरण फार थोडे पार झाले, त्या सावलीचं ते फार ऐकत नाही. जुनं गणित सगळ्यांचं सारखंच ऐकायचं. ही युक्ती जुनीच आहे, तो म्हणाला, पण एवढी आकडेमोड उरकणारे कॉम्प्युटर आता कुठे आलेत.

मला पटलं. सर्जनला पटलं नाही. तो घरच्यांना घेऊन लेण्याद्रीला दर्शनाला आला होता, परतताना एकटाच वर सेंटरमध्ये आला आणि पडद्यापुढे उभा राहिला.

"तेलकट आहे हे. मेणाचा मेंदू वाटतोय. रव्याबरोबर एखादी बारीक गोष्टही पुसली गेली असेल तर?"

"म्हणून दोन्ही देणार. जुन्या गणिताचं आणि नव्या. किरण एकदाच, चित्रं दोन."

तो बराच वेळ दोन्ही बघत राहिला. "त्या पोरीचा काढाल तेव्हा दोन्ही पाठवा," एवढंच म्हणून खाली उतरला. गाडीत बायको-मुलं ताटकळली होती.

तो दिवस लवकरच आला. मुलगी आता अकरा वर्षांची, उंच झालेली, डावा पाय जरा ओढत चालणारी. डोकं दुखतंय, दोनदा ओकली. ती आता किंचाळत नव्हती. एप्रन घालून आत यायला निघालेल्या आईला ती म्हणाली, "तू भायेर थांब. मी न्हाई हालत." आणि एकटी आत गेली. मी किरण इतके खाली आणले की टेक्निशियननं वळून माझ्याकडे बघितलं. भुवईवरची टाक्यांची रेघ वर चढली. मी होकारार्थी मान हलवली.

जुन्या गणितात रवाच रवा. नव्यात पोकळ्यांच्या कडा स्वच्छ होत्या. नळीचं टोक जागेवर होतं. कानामागे, कातडीखाली, नळीचे दोन तुकडे एकमेकांपासून सुटलेले होते. वाढत्या वयानं ओढ बसून ती जोडातून निखळली होती. एकदा दिसल्यावर ती फट मला जुन्या गणितातही सापडली, पण आधी माहीत असल्याशिवाय नसती सापडली.

दोन्ही चित्रं गेली. सर्जनचा फोन आला.

"कानामागे सुटलीय ना?"

"हो."

"पाठवा. पुन्हा काढू नका."

त्यानं त्याच फोटोवर ऑपरेशन केलं. कवटीला हात लावायची वेळच आली नाही, कानामागची कातडी उघडून जोड बसवला. फोनवर म्हणाला, अजूनही ते तेलकटच आहे. मी म्हणाले, असू दे.

टाके सुकल्यावर मायलेकी दाखवायला आल्या. मुलीनं विचारलं, "माझ्या डोक्यातली भोकं बुजली का वं?" त्याच कमी किरणांच्या स्कॅनमधून नव्या मशीनवर अख्खी कवटी बांधता यायची आणि हवी तशी फिरवता यायची. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिची कवटी पडद्यावर फिरवून दाखवली. सर्जननं काढलेल्या तुकड्याच्या जागी खड्डा होता. उरलेली भोकं तिथेच होती, पण कडा गोल झाल्या होत्या, आतून हाड वाढत आलं होतं. एक तर जवळजवळ मिटलं होतं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, मग केसांत घालून डोक्यावर तीच जागा चाचपली.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "लोकं तर लई सांगत्यात."

ती हसली. मी आईला म्हणाले, "या, तुम्हीही बघा. भरून येतंय."

ती दाराशीच उभी होती, तो हात पदराखाली धरून.

"दाखवा तिला," ती म्हणाली. "मला नगं. म्या त्याचं त्वांड आतून बघितलंय, बाई."